होडीच्या पोटातला रंग

ही गोष्ट सांगायचं मी बरेच महिने टाळलं. आमच्या बंदरात नारळी पौर्णिमेआधी होड्या रंगवायची धांदल असते. माझी होडी दरवर्षी माझा मित्रच रंगवायचा, आणि आमचा सण त्या दिवशीच सुरू व्हायचा. तो थिनर घालून पातळ केलेला रंग घेऊन खाली मासळीच्या कप्प्यात उतरला, की ओल्या रंगावर वाळू बसू नये म्हणून मी वरचं झाकण लावून घ्यायचो. थोड्या वेळाने आतून गाणी ऐकू यायची.

"थिनर चढला काय रं?" मी विचारायचो.

"तुझी फुकटची नशा हाय, सोडतो व्हय?" तो आतून ओरडायचा आणि सगळा किनारा हसायचा. बाहेर आला की झोकांड्या खायचा, मग आम्ही त्याला नाचवायचो. फार मजेचे दिवस होते.

गेल्या वर्षी त्याचे हात कापू लागले, तो नावं विसरू लागला. डॉक्टर म्हणाले, थिनरची वाफ श्वासातून रक्तात आणि तिथून मेंदूत जाते. कोंडलेल्या जागेत ती वर्षानुवर्षं घेतली तर मेंदूतल्या पेशी मरतात, आणि मेलेल्या परत येत नाहीत.

मी माफी मागायला गेलो. मला बघताच तो हसला. "ये रं, यंदा कंचा रंग?" निळा की हिरवा, यावर आम्ही तासभर भांडलो. वहिनींनी दोनदा चहा दिला. मी हसतच घरी आलो.

पुढच्या खेपेला त्याने मला ओळखलं नाही. झाकण मी लावायचो, मला माफ कर, एवढंच त्याला सांगायचं होतं.