कारण: हलगर्जीपणा

"हा र्‍हुमॅटॉइड आर्थरायटिस आहे," डॉक्टर म्हणाल्या. म्हणजे शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली. मी रडले नाही. मला आधी शेळके साहेब आठवले आणि वाटलं, आता बघतेच तुमच्याकडे.

शेळके माझे सुपरवायझर. चाकणच्या कंपनीत मी गाड्यांच्या वायरिंगचे कनेक्टर जोडते. चार महिने सकाळच्या फर्स्ट शिफ्टला बोटं मिटत नव्हती. पिंपळे गुरवच्या घरी नवराच माझी वेणी घालायचा, वाकडीतिकडी. दुपारपर्यंत हात मोकळे व्हायचे. शेळके सगळ्या लाइनसमोर म्हणाले, "सकाळी हात चालत न्हाईत, अन् दुपारी चालत्यात व्हय? नाटकं हायेत ही." वॉर्निंग लेटरवर कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं, हलगर्जीपणा. असं आणखी एक लेटर आलं की माझी नोकरी जाणार होती.

तुमचेही सांधे रोज सकाळी आखडून दुपारी सुटत असतील, तर कुणाचं ऐकून गप्प बसू नका. तेच या आजाराचं लक्षण असू शकतं. लगेच दाखवा.

माझा सीआरपी, म्हणजे अंगातली सूज दाखवणारा आकडा, वाढलेला होता. डॉक्टरांनी समजावलं, की पेशी एकमेकींना सायटोकाइन नावाचे रेणू धाडतात. तो धोक्याचा निरोप. त्यावर सूज येते, जंतूंशी लढाई होते, आणि मग रेग्युलेटरी टी पेशी 'आता आवरा' म्हणतात. "तुमच्यात ते आवरणं नीट होत नाहीये."

"म्हणजे लाइनचं लाल बटण दाबलंय, भोंगा वाजतोय आणि बंद करायला कुणी येत नाही?"

"अगदी तसंच," त्या हसल्या.

गोळी आठवड्यातून एकदाच. गुण यायला अडीच महिने लागले. तेवढे दिवस मला औषधाइतकंच रागानेही तगवलं, खोटं कशाला बोलू? डॉक्टरांचे उपकार मात्र जन्मभर विसरणार नाही. त्यांच्या पत्रामुळे नोकरी वाचली आणि हलकं काम मिळालं, शेळकेंच्याच लाइनच्या शेवटी तपासणीचं.

एका फर्स्ट शिफ्टला लॉक न बसलेला कनेक्टर माझ्यापुढे आला. त्याच्या टॅगवर शेळकेंची सही होती, घाईत त्यांनी स्वतःच तो पास केला होता. मी लाल बटण दाबलं. भोंगा वाजला, लाइन थांबली, शेळके धावत आले.

"मॅडम, एवढ्यासाठी लाइन थांबवली व्हय?"

"व्हय," मी म्हटलं आणि रजिस्टर पुढे केलं. लाइन थांबल्याचं कारण सुपरवायझरलाच लिहावं लागतं. ते पेन घेऊन अडले.

"हलगर्जीपणा लिहा, साहेब. तुम्हाला सवय आहे."

सगळे बघत होते. त्यांनी लिहिलं. सकाळचे साडेसात वाजले होते आणि रजिस्टर मी दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं.