एका नटीची कैद आणि आमची कार्यकारिणी

ब्रह्मदेशातली एक मुलगी तीन वर्षं नारायण पेठेत आमच्याकडे भाड्याने राहत होती. एम.ए. करायला आलेली. मला काकू म्हणायची.

तिच्या देशात लष्कराने सत्ता बळकावली, त्यानंतरची एक सकाळ. पोह्यांची बशी तशीच बाजूला सारून ती फोनकडे बघत बसली. त्यांच्याकडची सगळ्यांत लाडकी नटी पकडली गेली होती. साबणाच्या जाहिरातीत हसणारी, घराघरांतल्या कॅलेंडरवरची बाई. राजकारणाशी तिचा काडीचा संबंध नव्हता. पण रस्त्यावर पोरांना गोळ्या घालायला लागले तशी ती मोर्चात उतरली आणि सरकारी नोकरांना म्हणाली, कामावर जाऊ नका. तेवढ्यावरून तिला घरातून उचललं. पायात चप्पलही घालू दिली नाही.

मी तेव्हा आमच्या भागातल्या व्याख्यानमालेच्या कार्यकारिणीवर होते. या मुलीला बोलू द्यावं, असं मी सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, पत्रिकाही छापली. चार दिवस आधी चिटणीस घरी आले. विषय जरा नाजूक आहे, म्हणाले. त्याऐवजी मधुमेहावर एक डॉक्टर बोलणार होते. मी कारण विचारलं.

"बाई, नटनट्यांनी नाचावं, गावं. देश सांभाळायला लष्कर आहे की तिथे. खरं म्हणजे तसली शिस्त आपल्याकडेही हवी."

मुलगी त्यांच्यासमोर चहाचा कप ठेवत होती. इथे राहून तिला मराठी चांगलं कळायला लागलं होतं. कप ठेवून ती आत गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांचा चहा संपायच्या आत मी एका ओळीचा राजीनामा लिहून त्यांच्या हातात दिला.

ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी व्याख्यान आमच्या बाहेरच्या खोलीत झालं. माणसं जिन्यापर्यंत बसली होती. फोटो काढू नका, एवढी विनंती तिने आधीच केली. मग त्या नटीबद्दल सगळं सांगितलं, अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत. शेवटी म्हणाली, "माझी आई सांगते, तू बोलू नको. पण त्या नटीला पण आई होती ना."

पुढे बऱ्याच महिन्यांनी ती नटी सुटली. चिटणीस भाजीच्या गाडीपाशी भेटले. "सुटली की तुमची नटी. उगाच एवढा त्रागा केलात."

"तिने चोरी केली नव्हती," मी म्हटलं. "सोडलं म्हणून त्यांचे आभार मानू का?"

ते कोथिंबीर निवडत राहिले.

त्या नटीला आता कोणी सिनेमात घेत नाही. आमच्या मुलीच्या भाषणाची बातमी कशी कोण जाणे तिकडे पोचली, आणि तिला मायदेशी जायची सोय उरली नाही. तिचे वडील वारले तेव्हा त्यांचे अंत्यविधी तिने माझ्या स्वयंपाकघरात बसून फोनवर पाहिले. मी तिच्या शेजारी बसले होते. तिच्या पाठीवरून हात फिरवत होते.