अष्टमीलाच मांडलेली हत्यारं

माझा एक वाईट स्वभाव आहे. एखादं माणूस हवं असलं की मी त्याला तसं सांगत नाही, त्याच्या वाटेत काहीतरी आडवं घालते. आता कोल्हापुरात जिभेची टंचाई कुणालाच नाही, मला तर मुळीच नाही. पण 'दादा, जाऊ नकोस' एवढे तीन शब्द त्या नवरात्रात माझ्या तोंडातून निघाले नाहीत. त्यापायी मी जे केलं ते आज लिहून टाकते.

आमचे आण्णा कॅम ग्राइंडर होते. उद्यमनगरात एका मशीनचं वर्कशॉप, बाहेर एक बाकडं, बाकड्यावर कायम कुणीतरी चहा पीत बसलेलं. कॅम म्हणजे इंजिनाच्या डोक्यात फिरणारा दांडा. त्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात आणि ते व्हॉल्व्ह दाबून उघडतात. त्या उंचवट्याचं नाक किती उंच ठेवायचं, किती रुंद ठेवायचं, यावर इंजिन किती श्वास घेणार ते ठरतं. लांबलांबून रेसिंगवाले यायचे आण्णांकडं. 'पावणं, गाडी गावात चालवायची हाय का फक्त पळवायची हाय?' हा त्यांचा पहिला प्रश्न. फक्त पळवायची म्हटलं की गडी खूश व्हायचा.

दुसऱ्यांच्या गाड्यांना इतके कॅम घासून दिले, पण आमच्या दादाच्या गाडीला मात्र मुहूर्त लागेना. गाडी सोळा व्हॉल्व्हची, वर दोन कॅमची, जुनीच घेतलेली. दादा मागं लागला तेव्हा आण्णांनी एकदाचा जोड घासला. तोवर दादाला परदेशातल्या इंजिनाच्या कारखान्यात नोकरी लागली. 'पुढच्या सुट्टीत बसवू,' म्हणाला आणि गेला. पुढच्या सुट्टीत लग्नं निघाली, त्याच्या पुढच्या सुट्टीत आण्णा आजारी, आणि त्याच्या पुढच्या सुट्टीत आण्णाच नव्हते. कॅम तेलात भिजवलेल्या फडक्यात गुंडाळून कपाटाच्या तळाशी पडून होते. दरवर्षी मी फडकं बदलायची, तेवढंच.

मग गेल्या वर्षी दादाचा फोन आला. नवरात्रात बारा दिवस येतोय, या खेपेला कॅम बसवूया. आणि जाता जाता हळूच म्हणाला, कोल्हापुरातल्या एका फौंड्रीनं, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यानं, बोलावलंय, डिझाइनचं काम बघायला. 'मग? येतोस का कायमचा?' मी विचारलं. 'बघू.' झालं. त्या 'बघू'वर मी दोन महिने काढले. आईनं वरची खोली रंगवून घेतली. मी माझ्या मशीन शॉपमधून, तिथं मी क्वालिटीला आहे, सगळी शिल्लक रजा टाकली. दादा आठ वर्षं लांब होता. आठ वर्षं घरात माझ्याशी भांडायला कुणी नव्हतं. आई भांडत नाही, ती नुसती गप्प बसते, त्यात काय मजा?

काम दारातच मांडलं, पत्र्याखाली. आई पहिल्याच दिवशी पुटपुटली, 'माझ्या रांगोळीच्या जागेवर ह्यो काय पसारा?' पण लगेच आतून जुनी चादर आणून दिली. दादानं इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, टॅपेट कव्हर, काढलं, इंजिन हातानं फिरवून पहिला पिस्टन टॉपला आणला, खुणा जुळवल्या, कॅम फिरवणारा बेल्ट काढला. कॅम ज्या कॅपांनी दाबून धरलेला असतो त्या मी एकेक काढून प्लायवुडवर ओळीनं लावल्या, जिथली तिथं. एक जरी इकडची तिकडं झाली तरी दांडा अडकतो. दादा म्हणाला, 'नंबर घाल.' म्हटलं, 'घातलेत.' 'बघू.' 'बघ की! मी काय खुळी हाय व्हय?' अहाहा! आठ वर्षांनी कुणीतरी माझ्या कामावर शंका घेतली. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

आण्णांचे कॅम बसवले तसा दादा पुढं वाकला. बोट फिरवत राहिला नुसतं, त्या नाकांवरून. मग म्हणाला, 'आमच्याकडं हे कॉम्प्युटरवर करत्यात. एवढं गुळगुळीत न्हाय येत.' 'आमच्याकडं' म्हणाला तो. मला ते लागलं. मी फिलर गेजची पातळ पाती घेऊन फटी मोजायला लागले.

फटी सगळीकडं जास्त भरल्या. ते अपेक्षितच होतं. नाक उंच मिळावं म्हणून दांडा नाकाच्या उलट बाजूनं घासावा लागतो, मग कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यात अंतर वाढतं, ते भरायला जाड चकत्या घालाव्या लागतात. त्यांना शिम म्हणतात. सोळा व्हॉल्व्ह, सोळा मापं. मी वाचत होते, दादा वहीत लिहीत होता, आणि पत्र्यावर पाऊस वाजत होता. शेजारचे काका गेटवरून ओरडले, 'काय, विमान बनवायलाय काय?' दादा म्हणाला, 'व्हय, तुमाला बसवून सोडतो.' त्या संध्याकाळी मला अगदी खात्री झाली की हा काही जात नाही. कॅम परत काढून झाकून ठेवले आणि शिम घासून आणायचे राहिले.

आणि तिथंच दिवस संपत आले. शिम घासणारा आण्णांचा जुना दोस्त, पण नवरात्रात त्याच्याकडं कामाचा ढीग. आज देतो, उद्या देतो करत अष्टमी उजाडली. दादाची मुंबईची बस नवमीच्या रात्री, तिथून पुढं विमान. फौंड्रीवाल्यांना अजून उत्तर दिलेलं नव्हतं. दुपारी दादा म्हणाला, 'मी शिम घेऊनच येतो. संध्याकाळी तीन तासांत उरकू. जाण्याआधी एकदा आवाज ऐकायचाय मला.'

तो गेला आणि मी प्लायवुडपाशी बसले. तीन तास. तीन तासांत उरकणार, आवाज ऐकणार, समाधान होणार, बॅग भरणार. दुसरं काय? काम संपलं की माणूस मोकळं होतं, हा माझा हिशेब. काम अर्धं राहिलं तर? दादा लहानपणापासून तसा, अर्धी पोळी ताटात टाकून उठायचा नाही. इंजिन असं उघडं टाकून तो जाईलच कसा? तिकीट पुढं ढकलील. चार दिवस राहिला की फौंड्रीवाले गाठतील, आणि मग 'बघू'चं 'बरं' होईल.

आता आमच्या घरची रीत सांगते. खंडेनवमीला सकाळी हत्यारं पुजायची. पाने, हातोड्या, मायक्रोमीटर, सगळं पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा. एकदा का हत्याराला कुंकू लागलं की दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं लुटून येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. आण्णा या बाबतीत भयंकर कडक. एकदा त्यांचं एक रेसिंगवालं गिऱ्हाईक दारात हाता-पाया पडत होतं, तरी त्यांनी पाना उचलला नव्हता. 'आज ती विश्रांतीला हायत,' म्हणाले होते.

मी उठले आणि अष्टमीच्याच दिवशी, दुपारी चार वाजता, पाट मांडला. घरातला प्रत्येक पाना पुसला. टॉर्क रेंच, फिलर गेज, दादानं बॅगेतून आणलेला त्याचा भारीतला सॉकेट सेट, काही म्हणून मागं ठेवलं नाही. सगळ्याला बोटभर कुंकू. आई देवघरातून बाहेर आली, पाटाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. 'नवमी उद्या हाय की ग,' म्हणाली. म्हटलं, 'तिथी आज दुपारीच लागली.' धादांत खोटं. नवमी रात्री लागत होती आणि कॅलेंडर तिच्या पाठीमागंच लटकत होतं. आई आत गेली आणि थोड्या वेळानं झेंडूची फुलं आणून दिली. तिलाही दादा हवाच होता ना.

दादा पाचला आला. कागदात सोळा शिम, कपाळावर घाम, चेहरा असा फुललेला. पाट बघून थबकला. मी तिथीचं परत सांगितलं, मोठ्या आवाजात, भांडायच्या तयारीनं. म्हटलं आता हा चिडणार, कॅलेंडर काढणार, मी अडून बसणार. पण तो कॅलेंडरकडं बघत उभा राहिला आणि मग चपला काढून पाटाला नमस्कार केला. 'बरं,' म्हणाला. 'आण्णा असते तर त्यांनीबी हात लावू दिला नसता.' शिमचा कागद प्लायवुडवर ठेवला आणि हात धुवायला गेला.

तिकीट त्यानं पुढं ढकललं नाही.

नवमीला दिवसभर त्यानं बॅग भरली. मी चपात्या लाटल्या, चटणी बांधली, आणि मनात स्वतःला शिव्या घातल्या. अजून सांगता आलं असतं. 'ऊठ, मी खोटं बोलले, चल काम करू' एवढंच म्हणायचं होतं. नाही म्हटलं. आपलाच डाव आपल्याच अंगावर आला हे कबूल करायला माझ्यासारखीला लई वेळ लागतो. रात्री आठला रिक्षा आली. आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर टपली मारली, इंजिनावरची चादर नीट केली आणि गेला.

दसऱ्याला सोनं वाटून झालं, हत्यारं उठवली, आणि तिसऱ्या दिवशी मी एकटीनं कामाला हात घातला. राग कुठंतरी काढायचाच होता. शिम जिथल्या तिथं घातले, कॅम बसवले, कॅपा ओळीनं आवळल्या, बेल्ट चढवला. किल्ली मारायच्या आधी इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवून बघितलं, कुठं काही आपटत नाही ना. आपटलं नाही. आण्णांचं माप होतं ते. नवा कॅम असला की पहिली वीस मिनिटं गाडी रेसवर धरायची असते, ती धरली. मग पाय काढला.

देवा! तो आवाज. सरळ चालतच नाही ती, धप-धप, थांबते की काय वाटतं, परत धप-धप. अख्खं बॉनेट थरथरत होतं. अशा गाड्या बाकड्यासमोर उभ्या असायच्या आणि आण्णा आत चहा पीत नुसतं ऐकायचे. मी रडले. लपवायचं काय त्यात, चांगली हुंदके देऊन रडले. मग दादाला व्हिडिओ कॉल लावला.

'ऐक!' मी फोन इंजिनाजवळ धरला.

'काय? सुरू केलीस का? काहीच येत न्हाय ग आवाज.'

'अरे कान फुटायला लागलेत हितं!'

'फोनच आवाज कापत असंल. त्याला वाटतंय गोंगाट हाय. तुझं बोलणं तेवढं येतंय.'

मी गाडीपासून लांब गेले, जवळ आले, फोन उलटा धरला. काही उपयोग नाही. दादा पडद्यावर कान पुढं करून बसलेला, पाठीमागं त्याची ती पांढरी भिंत. मला काय झालं कुणास ठाऊक, मी बोलून टाकलं. 'दादा, नवमी त्या दिवशी दुपारी लागलीच नव्हती. मी खोटं बोलले. तू थांबावास म्हणून मांडली हत्यारं.'

तो हसला नाही. 'ठाऊक हाय,' म्हणाला. 'कॅलेंडर समोरच होतं की.'

'मग बोलला का न्हाईस?'

त्यानं फोन दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाला, 'बोललो असतो तर पाना हातात घ्यावा लागला असता. मग गाडी सुरू झाली असती. आण्णांचा आवाज एकदा ऐकला असता, तर मला हिकडं नोकरीवर परतता आलं नसतं.'

 गाडी पाठीमागं धपधपत होती. आई दारात येऊन विचारायला लागली, काय म्हणतोय. म्हटलं, 'काय न्हाय. ऐकू येत न्हाय म्हणतोय.'