काकींनी न गायलेला अंतरा

बाई श्वासच घेत नव्हती.

मी तिसऱ्यांदा सोलो दाबलं. सोलो म्हणजे बाकी सगळं बंद करून एकच ट्रॅक ऐकायचा. ढोल गेला, बेस गेला, रॅप गेला. उरला फक्त बाईचा आवाज. दोन ओळी झाल्या, चार झाल्या, अंतरा संपला. कुठेच श्वास नाही. काही जण श्वास कापून टाकतात, म्हणून स्क्रीनवर आवाजाची रेघ मोठी करून पाहिली. कापल्याची खूण नव्हती. मग शेवटच्या शब्दावर तो आवाज जरासा चिरला आणि मी तीच जागा पुन्हा लावली. असं चिरणं मी एकाच गळ्यात ऐकलंय. अंजूरच्या वनिताकाकींच्या.

पण हा अंतरा काकी कधी गायल्याच नव्हत्या.

अंजूरफाट्याला माझा छोटा स्टुडिओ आहे. लोक गाऊन जातात, मी मिक्सिंग करते, म्हणजे सगळे आवाज एकमेकांत नीट बसवते. काही वर्षांपूर्वी फैजान नावाचा कापडाच्या लूमवर ड्युटी करणारा रॅपर आला होता. त्याला हिप हॉपच्या बीटवर हळदीचं गाणं करायचं होतं. वनिताकाकी धवलारीण. लग्नाचे विधी धवले गाऊन चालवतात, गावात भटजींइतकाच त्यांचा मान. त्या आल्या, हेडफोन नीट डोक्यावर बसेना म्हणून हातानेच धरून गायल्या आणि एका टेकमध्ये काम उरकून निघून गेल्या. ते गाणं तुफान चाललं. दोन लग्नसराया प्रत्येक डीजेवर तेच.

यंदा मुंबईच्या एका म्युझिक कंपनीला त्याचं कव्हर करायचं होतं. कव्हर म्हणजे तेच गाणं दुसऱ्याने नव्याने करणं. फैजानने रीतसर परवानगी दिली. कंपनीचा प्रोड्युसर समीर मला म्हणाला, ‘‘मॅडम, जुने स्टेम्स पाठवाल? फक्त रेफरन्सला.’’ स्टेम्स म्हणजे गाण्यातला एकेक आवाज सुटा सुटा. मी अख्खा फोल्डर पाठवून दिला. मिक्सिंगचं कामही मलाच मिळालं, म्हणून खूशही होते.

मी समीरला फोन लावला.

‘‘फीमेल व्होकल कोणाचा आहे?’’

‘‘कसला क्लीन आलाय ना? एआयवर केलाय. तुमच्याच स्टेमवरून.’’

कंपनीने जोडलेल्या नव्या अंतऱ्यातली दुसरी ओळ मी इथे लिहिणार नाही. डीजेपुढे दारू प्यायलेले लोक ओरडतात त्या जातीची होती. आणि ती ओळ काकी गात होत्या. माझ्या फोल्डरमधून.

‘‘टीझर कालच टाकलाय,’’ समीर म्हणाला. ‘‘रील्स बनायला लागल्या पण!’’

मी स्कूटी काढली आणि अंजूरला गेले. काकी ओटीवर तांदूळ पाखडत होत्या. मी काही न सांगता मोबाइल पुढे धरला. त्या ऐकत राहिल्या. ती ओळ आली तसं सूप खाली ठेवलं.

‘‘ए, हिकडं ये,’’ त्यांनी सुनेला हाक मारली. ‘‘हे कोन गातंय?’’

सून आतून हसतच आली. ‘‘तुम्हीच की आई.’’ मग शब्द कानावर पडले आणि तिचं हसू गेलं. ‘‘आई, हे काय गायलात तुम्ही?’’

काकींनी गळ्याला हात लावला. तिथून काही चोरीला गेलंय का ते चाचपावं तसा.

‘‘मी न्हाय गायले गो. आवाज माझाच हाय, पन मी न्हाय गायले.’’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘नीता, ह्यांना माझा आवाज गावला कुठं?’’

‘‘मी दिला, काकी.’’

इतक्या वर्षांच्या कामात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी समीरचं आणि एआयचं सगळं सांगितलं, ते त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, ‘‘लाव त्याला फोन.’’

मी स्पीकरवर समीरला लावला. ‘‘समीर, माझ्यासोबत वनिताकाकी आहेत. ओरिजिनल सिंगर.’’

‘‘त्या आहेत?’’ तो म्हणाला. ‘‘म्हणजे... हयात आहेत? मला तर कंपनीत त्या वारल्या असं सांगितलं होतं.’’

सुनेने तोंडावर हात ठेवला. काकी फोनजवळ वाकल्या.

‘‘आन मेली असती तर चाललं असतं का रे बाबा?’’

समीर ‘‘आँटी, सॉरी, आँटी,’’ एवढंच म्हणत राहिला. काकींनी त्याला दोनच गोष्टी सांगितल्या. तो आवाज काढून टाक. आणि काढलास ते लिहून पाठव, मला गावात दाखवायचंय.

मी वर जोडलं, ‘‘नाहीतर मी मिक्स देणार नाही आणि फैजानला घेऊन वकिलाकडे जाईन.’’ वकील माझ्या ओळखीत एकही नव्हता.

चार दिवसांनी पत्र आलं, ती ओळ काकी गायल्या नाहीत, एआयने बनवलेला तो आवाज काढलाय, असं. टीझर काढून टाकला. कव्हर दुसऱ्या मुलीच्या आवाजात आलं, नवा अंतरा वगळून. काकींनाच पुन्हा गायला बोलावलं होतं, त्यांनी साफ नाही म्हटलं. कव्हर काही चाललं नाही.

चालला तो टीझर. कंपनीने काढला तोवर लोकांनी मोबाइलवर उतरवून घेतला होता. गेल्या महिन्यात दापोड्याच्या एका हळदीत काकी धवले म्हणायला बसल्या आणि शेजारच्या मांडवात तीच ओळ वाजली, त्यांच्याच आवाजात. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काकींनी पिशवीतून ते पत्र काढलं आणि नवरीच्या मावशीला मोठ्याने वाचायला लावलं. मगच पुढचा धवला सुरू केला. आता प्रत्येक लग्नाला त्या पत्र सोबत नेतात. माझ्याशी बोलतात, पण स्टुडिओत अजून आलेल्या नाहीत.

कोणी स्टेम्स मागितले, तर मी आता पहिला फोन गायकाला करते. मागणारे वैतागतात, काम दुसरीकडे नेतात. नेऊ देत.