स्विचचा ताप पाहणारे गुणाजीकाका

हमरापूरच्या आमच्या कारखान्यात गणपती घडतात. विघ्नं मात्र शेठ स्वतः पुरवतात. शेठ म्हणजे मोरूशेठ. माणूस भला, फक्त चूक त्यांची कधीच नसते. ऑफिसात तीन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि मी, प्रतीक्षा. रोज जिते गावाहून येते, नेटवरून ऑर्डरी घेते, मूर्तींचे फोटो पाठवते. तिन्ही कॉम्प्युटरच्या वायरी कोपऱ्यातल्या फळीवर एका चपट्या डब्यात खोचलेल्या. त्याला स्विच म्हणतात. भिंतीवरचं बटण नव्हे हां. हा डबा बंद पडला की अख्खं ऑफिस बंद.

यंदा आषाढ लागला आणि तो रोज दुपारी अडीचला बंद पडायला लागला. नेमाने! आमच्या एसटीला जमत नाही इतका वक्तशीर. आणि नेमकी तीच माझी डबा खाऊन खुर्चीत येऊन बसायची वेळ. झालं, शेठनी शोध लावला.

"ही बसली का बंद पडतंय. पनवती हाय पोरगी."

वा! कॉम्प्युटरचे दोन कोर्स केले, टायपिंगची परीक्षा दिली, आणि शेवटी माझ्या नुसत्या बसण्याने मशीन मरतं. हसण्यावारी नेलं असतं, पण घरात पगार माझा एकटीचा. बाबांचं मिठागर खाडीच्या पाण्यात गेलं त्याला चार वर्षं झाली. नोकरी गेली असती तर दुसरी शोधली असती. पनवती म्हणून गेली असती, तर पेणपासून रोह्यापर्यंत कुठल्या ऑफिसने मला दारात उभं केलं असतं?

मशीन बिघडलं की बोलवायचं गुणाजीकाकांना. काका कासू गावचे. तरुणपणी रोह्याला एका केमिकल कंपनीत शिफ्ट करायचे. कंपनीला टाळं लागल्यावर वायरिंग शिकले आणि बाइकला एक कापडी पिशवी अडकवून पेण-रोहा पट्ट्यातल्या छोट्या ऑफिसांचे डॉक्टर झाले. पिशवीत पक्कड, टेस्टर आणि धूळ झाडायला रंगाचा जुना ब्रश. आल्यावर चहा नको, गप्पा नको. आधी स्विचवर तळहात ठेवायचे, पोराचा ताप पाहावा तसा.

त्यांचे पेशंट म्हणजे एकेक नग. पेणच्या एका वकिलांनी स्विचवर मनी प्लांटची कुंडी ठेवून त्याला रोज पाणी घातलं. रोह्याच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने दसऱ्याला स्विचची पूजा केली आणि हळद-कुंकू थेट वायरी खोचायच्या भोकांत वाहिलं. मी पोट धरून हसले. काका नाही हसले.

"हसू नको गो. जीव लावतात लोक. कुठं लावायचा ता कळत नाय, इतकंच."

आमच्या स्विचसाठी काका दोनदा आले. दोन्ही वेळा सकाळी, कारण दुपारी त्यांची रोह्याची कामं. सकाळी आमचा स्विच ठणठणीत! एकदा त्यांनी तो बदलूनही दिला. नवाही अडीचला गचकला. काका डोकं खाजवत गेले आणि शेठ माझ्याकडे बघत बसले.

मग आला तो शुक्रवार. नागपूरचे दोन व्यापारी यायचे होते. शेठनी सकाळीच सुनावलं, "आज बंद पडलं तर उद्यापासून येऊ नको." मी मागच्या पडवीत जाऊन काकांना फोन लावला. रडू आवरेना. "काका, आज दुपारीच या. उद्या मी नसेन इथे." काका रोह्याला एका दवाखान्याचं काम करत होते. ते अर्धं टाकून निघाले.

दोन वाजता मैनाकाकू रोजच्यासारखी ऑफिसात येऊन बसली. मूर्तींचे डोळे तीच काढते, आणि ट्यूबलाइट चांगली म्हणून सीझनभर ऑफिसातच काढते. डोळे काढताना टेबलपंखा बंद. ओल्या रंगावर धूळ बसता कामा नये. अडीचला व्यापारी खुर्चीत, मी कॉम्प्युटरवर, आणि स्विचचे हिरवे दिवे गुल. शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पर्स उचलली.

तेवढ्यात काका घामाघूम आत आले. कोणाशी न बोलता फळीशी गेले आणि तळहात ठेवता ठेवता थांबले. स्विच प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला होता. छान घट्ट, वर दोन रबरबँड. काकांनी ते सोडवलं. आतला डबा तव्यासारखा तापला होता. काकांनी एकदा बंद पंख्याकडे पाहिलं आणि काय ते समजले.

आता यात लपवण्यासारखं काही नव्हतंच! हमरापुरात तयार मूर्तीला धूळ लागू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळतात आणि गिऱ्हाईक आलं की काढतात. शेठनी महागाच्या स्विचला तोच मान दिला होता. रोज स्वतःच्या हाताने गुंडाळायचे, आणि काका यायचे म्हटलं की काढून ठेवायचे. मी महिनाभर हे बघत होते. मैनाकाकूही बघत होती. आमच्या डोक्यात प्रकाश पडला नाही, कारण आमच्याकडे जे जपायचं ते प्लास्टिकातच असतं.

"यालाही हवा लागते. कोंडला का मरतो," काका म्हणाले.

व्यापारी शेठकडे बघायला लागले. शेठचा चेहरा लाल झाला. आणि या भल्या माणसाने माझ्याकडे वळून विचारलं, "कोणी गुंडाळलं हे?"

खरं बोलले तर शेठची अब्रू जाणार आणि माझी नोकरी. गप्प बसले तर खापर माझ्यावर.

"मीच," काका म्हणाले. "मागच्या खेपेला. धूळ जाते म्हणून मीच गुंडाळलं. चुकलो, शेठ."

खरं काय ते शेठना ठाऊक होतं. पण मिळालेली संधी सोडतील तर ते मोरूशेठ कसले! पाहुण्यांसमोर काकांना नको नको ते बोलले. सहा वर्षं फुकटचं पोसलं म्हणाले, पुन्हा दारात दिसू नको म्हणाले. मैनाकाकूने मान खाली घालून ब्रश रंगात बुडवला. मी उचललेली पर्स पुन्हा टेबलाखाली ठेवली. काकांनी पिशवी भरली, पंख्याचं तोंड फळीकडे वळवलं आणि मला हळूच म्हणाले, "डोळे काढताना पंखा बंद असला का मधेच पाच मिनिटं हा डबाही बंद ठेव गो." मग बाइकला किक मारून निघून गेले.

तेव्हापासून नेट एकदाही बंद पडलेलं नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला शेठ कौतुकाने सांगतात, "तो गुणाजी गेला न् पनवतीच गेली बघा. काय गो प्रतीक्षा?"

आणि मी "व्हय शेठ" म्हणते.