तिच्या हातचा कॉम्प्युटर

दुकानातला कॉम्प्युटर ऐन लग्नसराईच्या तोंडावर बंद पडला. तो दुरुस्त करायचा की सरळ नवा घ्यायचा, एवढंच ठरवायचं होतं आणि त्याला मला आठवडा लागला. एरवी मी असल्या गोष्टींना वेळ लावत नाही. इंदापुरात तहसील कचेरीसमोर टायपिंगचं आणि लग्नपत्रिकांचं माझं दुकान आहे. गाळामालक, कागदवाला, छपाईवाला, सगळ्यांशी भांडत मी ते टिकवलं. या बाईच्या तोंडी लागू नये असं बाजारात म्हणतात. म्हणोत. मवाळ बोलून गाळ्याचं भाडं कमी होत नाही.

पण हा कॉम्प्युटर मी एकटीनं घेतलेला नव्हता. तो आम्ही दोघींनी घेतला होता, आणि त्यावर हात चालायचा तो तिचा.

ती मला बारामतीत टायपिंगच्या क्लासला भेटली. मी सांगवीची, ती सोमेश्वरनगरची. तिचे वडील साखर कारखान्यात होते. एसटी स्टँडपासून क्लासपर्यंत आम्ही रोज बरोबर चालायचो, आणि जाताना एकमेकींच्या डब्यात काय असेल ते आधीच ओळखायचो. मराठी टायपिंगच्या परीक्षेत ती पहिल्याच वेळी पास झाली, मी दोनदा नापास. माझ्या बोटांना धीर नाही. पुढं दोघींची सासरं इंदापुरातच निघाली, तेव्हा दुकान काढायचं हे काही बसून ठरवावं लागलं नाही. गिऱ्हाईकाशी बोलायचं मी, टाईप करायचं तिनं.

भाव करणं एकटीचं काम नाही, हे मला कॉम्प्युटर घ्यायला बारामतीच्या दुकानात फेऱ्या मारताना कळलं. मी बोलायला सुरुवात करायची. पडद्यावर डाग आहे, कॉम्प्युटरचा डबा वाजतोय, तुमच्या शेजारचा यापेक्षा कमी सांगतोय. दुकानदार तापला की मीही तापायचे, आणि ते काही खोटं तापणं नसायचं. ती तेवढा वेळ मांडीवर पर्स घेऊन गप्प बसलेली. मग एकदम उठायची आणि इतक्या हळू आवाजात म्हणायची, "चल गं, त्यांना परवडत नसंल. कशाला त्रास द्यायचा माणसाला?" नमस्कार करून पायरी उतरायला लागायची. माझ्या आरड्याओरड्यानं जो हलला नाही, तो दुकानदार तिच्या नमस्कारानं हलायचा आणि मागून हाक मारायचा. बाहेर आल्यावर आम्ही कोपऱ्यापर्यंत तोंड बंद ठेवायचो, आणि कोपरा वळला की हसायचो.

लग्नपत्रिकेत आमच्याकडं मजकूर कमी आणि नावं जास्त. नवरा-नवरी चार ओळींत आटोपतात. मग आजोबा, चुलते, मामा, आत्याचे यजमान, गावचे सरपंच, कारखान्याचे संचालक. कुणाचं नाव कुणाखाली आलं यावरून लग्नात जेवणावर बहिष्कार पडलेले मी पाहिलेत. एकदा एकमेकांशी बोलत नसलेले दोन चुलते दुकानात आले, तेही एकाच वेळी. थोरला म्हणाला, मी मोठा, माझं वर. धाकटा म्हणाला, खर्च मी करतोय, माझं वर. माझा पारा चढला. दोघांना बाहेर काढायच्या बेतात होते, तेवढ्यात हिनं मान वर न करता दोन्ही नावं एका ओळीत आमनेसामने बसवली, मध्ये गणपती ठेवला आणि पडदा त्यांच्याकडं वळवला. "गणपतीच्या उजव्या हाताला कोण, ते तुमी ठरवा," म्हणाली. गणपतीचा उजवा हात म्हणजे बघणाऱ्याचा डावा, यावर ते दोघे एवढा वेळ घोळले की भांडण विसरले. जाताना थोरल्यानं आम्हाला चहा सांगितला.

अशा बाईनं माझ्याशी जे केलं, ते मी विसरलेले नाही.

एका लग्नसराईत ती रोज दुकान मिटल्यावर मागं थांबायला लागली. काम फार साचलंय, म्हणायची. मला वाईट वाटायचं. घरी जाऊन मी तिच्यासाठी गरम भाजी करायचे आणि डबा घेऊन परत दुकानात यायचे. सराई संपल्यावर कळलं की ती बारामतीच्या एका कॉलेजातल्या क्लार्कच्या जागेसाठी सराव करत होती. आमच्याच कॉम्प्युटरवर, माझीच भाजी खाऊन. तिला ती जागा मिळाली. मला तिनं सांगितलं तेव्हा तिच्या हातात नेमणुकीची ऑर्डर होती. "पीएफ हाय, पेन्शन हाय," म्हणाली. "आपल्या दुकानात काय हाय, सांग." जे सांगायचं होतं ते मला त्या वेळी सुचलं नाही, आणि जे सुचलं ते सगळी कचेरी ऐकत होती. नवऱ्यासह तिनं बिऱ्हाड बारामतीला हलवलं.

त्यानंतर टायपिंगला मुली आल्या आणि गेल्या. एकीला माझं बोलणं सोसलं नाही, एकीचं लग्न झालं, एकीला पुण्यात काम मिळालं. कॉम्प्युटर तोच राहिला. नवा घ्या म्हणून सगळे मागं लागायचे. मी म्हणायचे, चालतोय तोवर चालू दे. खरं कारण निराळं होतं. मराठी अक्षरांचा आमचा प्रोग्राम जुन्या पद्धतीचा होता. प्रोग्रामची चोरी होऊ नये म्हणून त्याला अंगठ्याएवढं एक प्लॅस्टिकचं कुलूप असायचं. प्रिंटरची वायर लागते त्या मागच्या जागेत ते बसवलं तरच मराठी उमटायचं. नव्या कॉम्प्युटरला ती जागाच नसते. त्या प्रोग्रामवर तिची बोटं न बघता चालायची. मला वाटायचं, हा आहे तोवर ती कधीही येईल, खुर्ची ओढेल आणि बसेल. हा गेला की तिला यायला काही उरणार नाही. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, नवऱ्यालाही नाही.

म्हणून आठवडा लागला. शेवटी तो डबा चादरीत बांधला आणि एसटीनं बारामतीला निघाले. उसाच्या ट्रॉल्यांनी लासुर्ण्याजवळ रस्ता अडवलेला. मांडीवर ते ओझं धरून मी सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांना मनातल्या मनात शिव्या घातल्या.

दुकान तेच होतं. दुकानदाराचे केस पांढरे झाले होते. त्यानं डबा उघडला, आत फुंकर मारली आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"दुसऱ्या ताई आल्या न्हाईत?"

कामात आहे, म्हणाले.

त्यानं दोन्ही वाटा सांगितल्या. बोर्ड गेला होता. तसा जुना बोर्ड पुण्यातून शोधून आणायचा, रॅम वाढवायची, डिस्क बदलायची, की आणखी वर्ष-दोन वर्षं निघतील. नाहीतर नवा घ्यायचा. "पण नव्याला तुमचं मराठीचं कुलूप बसणार न्हाय," तो म्हणाला. "हे आधीच सांगतो. मागनं माझ्या नावानं ओरडायचं न्हाय."

मी दुरुस्तीचा भाव विचारला आणि त्यावर भांडले. मग नव्याचा विचारला आणि त्यावरही भांडले. परत दुरुस्तीवर आले. तो माणूस हाताची घडी घालून ऐकत राहिला.

"ताई, आधी काय घ्यायचं ते ठरवा," तो म्हणाला. "मग भांडा."

मला ते लागलं. मी उठले, असल्या दुकानात परत पाय ठेवणार नाही म्हणाले आणि तरातरा पायरी उतरले. मागून हाक येईल म्हणून चार पावलं सावकाश टाकली. हाक आली नाही. वळून बघितलं तर तो निवांत माझ्या डब्यातली धूळ पुसत होता. माझं सामान त्याच्या टेबलावर होतं आणि मी रस्त्यावर. ज्याचं सामान आत राहिलं त्यानं उठून जायचं नसतं. ती असती तर आधी चादर बांधली असती, मग नमस्कार केला असता.

तिथंच उन्हात उभं राहून मी तिला फोन लावला. ती दर दिवाळीला मला पणतीचं चित्र पाठवते. मी कधी उत्तर देत नाही.

"बोल," ती म्हणाली, जशी काल संध्याकाळीच दुकानातून गेली होती.

"कॉम्प्युटर गेला."

"कुठला? आपला?"

तिच्या तोंडून मी 'आपला' ऐकलं. मग सगळं सांगितलं. बोर्ड, रॅम, कुलूप. दुरुस्त करू का नवा घेऊ, तू सांग, म्हणाले. मागं तिच्या ऑफिसातलं कुणीतरी कसलीशी फाईल मागत होतं.

"दुरुस्त कुणासाठी करायचा?" तिनं विचारलं.

"गिऱ्हाईकासाठी. आणिक कुणासाठी?"

"गिऱ्हाईकाला कुठल्याबी मशिनवरची पत्रिका चालती गं." मग म्हणाली, "मी येणार न्हाय परत. माझ्यासाठी ठेवत असशील तर नको ठेवू. तो कीबोर्ड माझी बोटंबी विसरली आता. हितं नव्या पद्धतीनं टाईप करती मी."

"तुझ्यासाठी कोण ठेवतंय?" मी म्हणाले. एवढ्या जोरात म्हणाले की समोरचा रसवाला बघायला लागला.

ती हसली नाही आणि रागावलीही नाही. मी अशी बोलले की ती दुसरंच काहीतरी विचारायची. आताही तसंच केलं. "नव्याचं किती सांगतोय?"

मी सांगितलं.

"फोन दे त्याला."

मी पायरी चढून फोन दिला आणि बाहेर येऊन उभी राहिले. ती त्याला काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. त्याचं तेवढं ऐकू आलं. "व्हय ताई. व्हय. न्हाय, तसं कसं. बरं, बरं." दोन मिनिटांत त्यानं फोन परत दिला. तिकडं तो कट झालेला होता. मी तासभर घसा कोरडा केला होता, आणि त्यानं जो भाव आता सांगितला तो माझ्या शेवटच्या भावाच्याही खाली होता. मला आनंद व्हायला हवा होता.

"आणि कीबोर्डावर मराठी अक्षरं चिकटवून द्या म्हणाल्या," तो ड्रॉवरमध्ये स्टिकर शोधत बोलला. "म्हणाल्या, ती आता स्वतः शिकणार हाय."

मी शिकणार आहे हे तिला कुणी सांगितलं? मी तिला तसं काही म्हणाले नव्हते. म्हणजे फोन ठेवायच्या आधीच तिनं सगळं पुढचं ठरवून टाकलं होतं, आणि त्या पुढच्यात ती कुठं नव्हती.

मग नवाच घ्यायचा हे माझंही ठरलं. जुन्या डिस्कमधलं सगळं त्यानं नव्यात उतरवून दिलं. एक फाईल उघडून दाखवली तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं. ते अक्षर नव्याला वाचता येत नाही, म्हणाला. त्यात तालुक्यातली निम्मी घरं होती, सगळे चुलते, सगळे मामा, मानानं ओळीत बसवलेले. हवं असेल तर बदलून घ्यायचा उपाय निघेल, म्हणाला. मी नको म्हणाले. लागलेल्या लग्नाची पत्रिका परत कोण मागतंय? जुना डबा कुलपासकट त्यालाच दिला, भंगाराच्या भावावरून घासाघीस करून. चादर तेवढी परत घेतली.

परतीची एसटी तिच्या कॉलेजवरून जाते. ऑफिसं सुटायची वेळ होती. फाटकाशी बायकांचा घोळका होता, डब्याच्या पिशव्या घेतलेला. मी खिडकीला तोंड लावून बघत राहिले. एकीची मान तिच्यासारखी वाटली, पण तेवढ्यात गाडीनं वेग घेतला. उतरायचं असतं तर कंडक्टरला आधी सांगायला हवं होतं. नव्या कॉम्प्युटरचा खोका मांडीवर होता, उठायलाही जागा नव्हती.

दुसऱ्या आठवड्यात निमगाव केतकीचे एक आबा धाकट्या नातीची पत्रिका करायला आले. थोरल्या तिन्ही नातवंडांच्या पत्रिका आमच्याकडंच झालेल्या. बसले, इकडंतिकडं बघितलं.

"त्या टायपिंगच्या ताई न्हाईत व्हय? त्यांच्या हातनं नावाची चूक व्हत न्हाय."

हे मला सगळेच विचारतात. इतकी वर्षं मी एकच उत्तर देत आले, की त्या रजेवर आहेत. लोकही खुळे, एवढी लांब रजा असते का असं कुणी विचारलं नाही.

"त्या बारामतीला नोकरीला हायत, आबा," मी म्हणाले. "कायमच्या. हितं येत न्हाईत आता."

"कधीपास्नं?"

"लई वर्षं झाली."

आबांनी मान हलवली. टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मग तुमीच घ्या लिहून. मी सावकाश सांगतो." पणजोबांपासून सुरुवात केली त्यांनी, कैलासवासी धरून. मी एका बोटानं एकेक अक्षर हुडकत होते. चहा येऊन गार झाला, कचेरी सुटली, आणि आम्ही अजून चुलत्यांपर्यंतच पोहोचलो होतो.