अंबडच्या भिंतीवरची वेल

गाडी जालन्याला पोचली तेव्हा प्रोफेसरसाहेब डब्यात छत्री उघडून बसले होते. बाहेर पाऊस थांबला होता, पण डब्याचं छत अजून गळत होतं. मांडीवर कागदांची पेटी, पेटीवर टोपी आणि टोपीवर छत्री. स्वतः साहेब मात्र भिजत होते.

निजामाच्या राज्यातली ही हकीकत. साहेब हैदराबादच्या एका कॉलेजात शिकवत आणि राज्यातल्या नक्षीकामाचा इतिहास लिहीत होते. दारं, भांडी, कापड, भिंती, सगळ्यांचा. मी त्यांचा नक्शानवीस (नक्षी बघून कागदावर उतरवणारा) आणि दुभाषी. साहेबांना मराठी येत नव्हती, आणि मी पडलो मूळचा अंबडकडचा. या दौऱ्याचं वर्णन त्यांच्या ग्रंथात छापलेलं आहे. ते खोटं आहे, आणि ते माझ्यामुळे खोटं झालं. साहेब आता नाहीत, माझेही दात गेले. म्हणून खरं काय घडलं ते लिहून ठेवतो.

ग्रंथात बीदरला एक प्रकरण होतं, पैठणला एक, औरंगाबादला तर दोन. जालन्याकडचं काहीच नव्हतं. हा शेवटचा दौरा. इथे काही सापडलं तर छापायचं, नाही तर तेवढा मुलूख वगळायचा, असं साहेबांनी ठरवलं होतं. मला ते झोंबत होतं. सगळ्या राज्याची नक्षी मी उतरवायची आणि माझ्याच गावाकडची जागा कोरी?

अंबडच्या बाजारात साहेबांना एक पितळी समई आवडली. मी अर्धी काढून झाल्यावर दुकानदार म्हणाला, "पुण्याहून आणली, मास्तर. हितं कोण करतंय?" पुढे एका दारावर लाकडी सिंह दिसला. घरमालकाने अभिमानाने सांगितलं की सुतार खास नागपूरहून बोलावला होता. मग भाजी विकणाऱ्या एका म्हातारीच्या हातावरचं गोंदण साहेबांनी बघायला मागितलं.

ती म्हणाली, "आधी तुमचं दाखवा."

साहेबांनी बाही वर केली. हात कोरा.

"अरं देवा! मंग वर गेल्यावर तुमास्नी वळखायचं कसं?"

मी भाषांतर केलं. साहेब बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. गोंदणारीण वऱ्हाडातली निघाली, त्यामुळे तेही वहीत आलं नाही.

दुसऱ्या दिवशी बैलगाडीने घनसावंगीच्या वाटेला लागलो. वाटेत काळ्या रानात चाक रुतलं. साहेब मदतीला खाली उतरले आणि परत चढले ते एकच बूट घेऊन. दुसरा आम्ही काठीने शोधला, हाताने शोधला, शेवटी गाडीवान म्हणाला, "ऱ्हाऊ द्या सायब, हरभऱ्याच्या टायमाला नांगरताना घावंल."

संध्याकाळी एका गावात थांबलो. त्या घरातली माणसं अजून नांदती आहेत, म्हणून गावाचं नाव लिहीत नाही. घर दगडूअण्णा नावाच्या शेतकऱ्याचं. आदल्या दिवशी पोळा होऊन गेलेला, म्हणून शिळ्या पुरणपोळ्या मिळाल्या. शिळी पोळी तव्यावर कडक करून तुपाबरोबर खाणं हे ताज्या पोळीपेक्षा मोठं सुख आहे, हे मी साहेबांना सांगत होतो, पण साहेब ऐकत नव्हते. ते तोंडात घास धरून अंगणातल्या भिंतीकडे बघत होते.

पांढऱ्या मातीने सारवलेली ती भिंत. तिच्यावर माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर, लालसर रंगात, एक लांब वेल गेली होती. मधेमधे गोल फुलं, काही पूर्ण, काही एका अंगाला ओघळलेली, आणि त्यांना जोडणारी वाऱ्याने वाकल्यासारखी पानं.

"क्या हाथ है!" साहेब पुटपुटले. एका पायात बूट, दुसऱ्या पायात दगडूअण्णांची वहाण, तसेच ते भिंतीपाशी गेले. "यह कलम का काम नहीं. पूरी बाँह से खींचा है!"

तेवढ्यात अण्णांची बायको गयाबाई पांढऱ्या मातीची बादली आणि फडकं घेऊन आली. तिने हात भिजवला मात्र, साहेब दोन्ही हात पसरून भिंतीला चिकटले.

"नक्को! हाथ नक्को लगाओ!"

"ओ मास्तर," गयाबाई मला म्हणाली, "ह्ये तुमचे सायब काय करून राह्यले? उद्याच्याला पोरीला बघायला पाव्हणे यायलेत. सारवायची हाय मला भिंत."

"काकू, ही नक्षी कोणी काढली?"

"नक्षी? अवो, आमच्या सर्ज्यानं अंग घासलंय! पोळ्याला वाटी गेरूत बुडवून त्याच्या कुशीवर गोल उठवले व्हते. वाळू तर द्यावं! खाजलं त्याला, अन् धरली की भिंत. शिंग्याचं बघा, कसं गुणाचं, अजून तसंच्या तसं हाय."

साहेबांनी मला त्यांच्या भाषेत विचारलं, "काय म्हणतात?"

इथेच मी खरं बोलायला हवं होतं. पण मला कोरं पान दिसत होतं. मी म्हणालो, "साहेब, यांच्या घरची परंपरा आहे. पोळ्याला काढतात."

"कारीगर कोण?"

"घरातलेच. सर्जेराव म्हणून आहेत."

"भेटवा!"

"शेतात गेलेत."

गोठ्यात सर्जा हंबरला. साहेबांनी तिकडे लक्षही दिलं नाही. गयाबाईला मी हात जोडले. फक्त उद्याचा दिवस भिंत राहू द्या, जालन्याचं नाव पुस्तकात येईल. ती म्हणाली, "जालन्याचं नाव यील अन् माझ्या घराचं जाईल." पण अण्णांना पुस्तकाची कल्पना पसंत पडली. बादली परत गेली.

सकाळी मी वेल उतरवत असताना पाहुणे आले. मुलाचे वडील जाडजूड, मोठ्या पागोट्याचे, घनसावंगीकडचे. पोहे येण्याआधीच साहेबांनी त्यांना भिंतीसमोर नेलं आणि काठीने एकेक फूल दाखवत भाषण सुरू केलं. ही वेल इराणातून निघाली, दौलताबादेत रुळली आणि इथे आली. मी भाषांतर करत होतो. दाराआड गयाबाई कपाळ धरून बसली होती.

पागोटेवाल्यांनी भिंतीवर नाक टेकेपर्यंत वाकून पाहिलं. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, "ह्ये बैलानं घासलंय न्हवं?"

"हो," मी म्हणालो.

"मंग ह्यात इराण कुठून आला? आमच्या बी गोठ्याला दरसाली उठतंय असं."

साहेबांनी उत्सुकतेने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "म्हणतात, त्यांच्या गावीही दरवर्षी असंच उठतं."

"सुभानल्लाह!" साहेबांनी लगेच लिहून घेतलं. परंपरा घनसावंगीपर्यंत पसरली.

पोहे झाले, मुलगी पाहून झाली. पागोटेवाले मिशीतल्या मिशीत हसत अण्णांना म्हणाले, "पोरगी पसंत हाय. ज्या घरात बैलाची खाज बी पुसून टाकत न्हाईत, तिथं माणसांची केवढी बडदास्त असंल!"

गयाबाईचा माझ्यावरचा राग तिथेच उतरला. निघताना तिने साहेबांच्या पेटीवर पोळ्यांचं गाठोडं ठेवलं. अण्णांनी आम्हाला अंबडपर्यंत सोडायला स्वतःची गाडी जुंपली. जोडीतला उजवा बैल सर्जा होता. त्याच्या कुशीवर तेच गोल, तेवढेच, तसेच फरफटलेले. डाव्या शिंग्यावरचे गोल स्वच्छ.

साहेब गाडीला फेरी मारून आले. दोन्ही बैल बारकाईने पाहिले. मी डोळे मिटले.

"देखा?" ते माझा दंड धरून म्हणाले. "दीवार का नक्श बैल पे भी उतारते ये लोग! और एक बैल का काम पुराना है, मिट चला है. दोनों बना लो."

मी पेन्सिल काढली.

ग्रंथ छापला गेला. जालन्याची पानं चांगली भरगच्च आली. पुढच्या विद्वानांनी त्या वेलीला 'अंबड वेल' म्हटलं, आणि भिंतीवरची नक्षी बैलांवर कधी गेली यावर आपसात भांडले. त्याचं मला फार वाईट वाटत नाही. विद्वानांना भांडायला काहीतरी लागतंच.

मला सलतं ते परतीच्या गाडीतलं. जालना मागे पडलं आणि साहेब एकाएकी गंभीर झाले. म्हणाले, तुझा मुलूख वगळायला निघालो होतो, ही माझ्या अभ्यासाची नव्हे, माझ्या स्वभावाची खोट होती. मला माफ कर. एवढा मोठा माणूस, भिजलेल्या बाकावर, पायात वहाण, माझ्यापुढे हात जोडून बसला होता. त्या क्षणीही सांगता आलं असतं. मी म्हणालो, "जाऊ द्या साहेब, माफ केलं."

भिंतीवरची वेल सर्जाने काढली, तिचा दोष त्याला नाही. 'माफ केलं' हे वाक्य मात्र माझं होतं, आणि ते मी इथे परत घेतो.